कण्हेरीची काठी

कोलकात्याला येताना आईनं माहेरच्या कण्हेरीच्या फांद्या बरोबर घेतल्या होत्या. वीत-वीतभर लांबीच्या, ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या. वाटेत प्रत्येक मोठ्या स्टेशनवर बाबा तांब्या घेऊन उतरायचे आणि नळाचं पाणी आणून त्या गोणपाटावर शिंपडायचे. डब्यातल्या एका बाईनं विचारलं, "अहो, लोक तुळस नेतात. तुम्ही विषाचं झाड कशाला नेताय?" आई म्हणाली, "देवाला चालतं, मग मला का चालू नये?"

बाबा कस्टम्समध्ये होते. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती आणि त्यांची बदली खिदिरपूरच्या गोदीवर झाली होती. भवानीपूरच्या एका गल्लीत आम्हाला वरचा मजला भाड्यानं मिळाला. खाली घरमालकीण राहायच्या. त्या विधवा होत्या, साठीच्या आसपासच्या. सगळी गल्ली त्यांना माशीमा, म्हणजे मावशी, म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. घरामागे बाग होती, दोन्ही बिऱ्हाडांची मिळून एकच. मध्ये कुंपण नव्हतं. माशीमांची जास्वंद, कुंड्यांमधले क्रोटन आणि भिंतीलगत पिवळ्या फुलांचं एक मोठं झाड. त्याला त्या कोलके म्हणायच्या. आईनं ते पाहताच ओळखलं. "ही तर आपली बिट्टी!" परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं तशी ती हसली.

आईच्या पाचही फांद्या जगल्या. दोन पांढऱ्या, तीन गुलाबी, भरगच्च पाकळ्यांच्या. तीन वर्षांत त्या माझ्या डोक्याच्या वर गेल्या. पांढरी फुलं सोमवारी शंकराला, गुलाबी नुसती बघायला. आठवड्यातून तीनदा एक म्हातारे ओडिया माळी यायचे, तेही आईला म्हणायचे, "मा, आपका कनेर बहुत अच्छा है, गाय-बकरी कोई मुँह नहीं लगाता." आईलाही तेच पटलेलं होतं. आमच्याकडे कण्हेर लावतात ती जनावरं तिला खात नाहीत म्हणूनच. आमच्या मांजरानं तर कधी त्या बाजूला ढुंकूनही पाहिलं नाही.

कुत्रा माशीमांचा होता. म्हणजे खरं तर त्यांच्या मुलाचा. मुलगा डॉक्टरकीचं पुढचं शिकायला विलायतेला गेला होता आणि कुत्र्याला मागे ठेवून गेला होता. तांबूस रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला. माशीमा सांगायच्या की मुलाची टॅक्सी निघाली तेव्हा तो गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत धावत गेला आणि दिवे लागेपर्यंत तिथेच बसून राहिला. त्यानंतर मात्र तो कुणाचाच आणि सगळ्यांचाच झाला. मी शाळेतून आले की फाटकाशी उभा. मी दहा वर्षांची होते. मला भाऊ-बहीण नव्हतं.

माशीमांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते, त्यामुळे मुलाला पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी बंगाली शाळेत जात होते. मराठी वाचताना अडखळायचे, पण बंगाली अक्षर माझं सुरेख होतं. दर शनिवारी दुपारी त्या खाटेवर बसून सांगायच्या आणि मी पाटावर बसून निळ्या कागदावर लिहायचे. पत्राचा शेवट नेहमी कुत्र्यावर व्हायचा. तो काय खातो, कुठे झोपतो, कुणावर भुंकला. मला त्या खुकी, म्हणजे छकुली, म्हणायच्या. माशीमा म्हणायच्या, "खुकी, हे नीट लिही. बाकीचं तो वाचो न वाचो, हे तो वाचतो." मुलाची उत्तरं मीच वाचून दाखवायची. त्यांत खरोखरच निम्मा मजकूर कुत्र्याबद्दलच असायचा.

त्या वर्षी कालीपूजा झाल्यावर, शाळेला अजून सुट्टी होती तेव्हा, आईनं माळीबाबांना घेऊन कण्हेरीची छाटणी केली. मीही मदत करत होते. आई मला दहादा सांगत होती, "चीक हाताला लागला तर तो हात डोळ्याला लावायचा नाही. तोंडात बोट घालायचं नाही. वर गेल्यावर आधी साबणानं हात धुवायचे, मग बाकीचं." फांद्यांचा ढीग कोपऱ्यात रचून झाला. तो उद्या उचलायचा असं ठरवून माळीबाबा दुसऱ्या घरी गेले. आई स्वयंपाकाला वर गेली.

मी आणि कुत्रा खाली राहिलो. मी ढिगातून एक सरळ काठी निवडली, माझ्या अंगठ्याएवढी जाड. तिची पानं ओरबाडून काढली आणि ती लांब फेकली. तो धावत गेला, तोंडात धरून घेऊन आला आणि माझ्या पायाशी टाकून माझ्याकडे बघत उभा राहिला. मी पुन्हा फेकली. त्यानं पुन्हा आणली. आम्ही बराच वेळ खेळलो. शेवटी तो दमला आणि काठी पुढच्या दोन पायांत धरून तिची साल सोलत बसला, हाड चघळावं तसा. त्याची शेपटी जमिनीवर आपटत होती. मी त्याच्या शेजारी बसून ते बघत होते.

मग आईनं वरून हाक मारली. मी वर गेले आणि सांगितल्याप्रमाणे हात धुतले. दोनदा धुतले, लाल साबणानं, कोपरापर्यंत. आईनं हात हुंगून पाहिले आणि शाबासकी दिली. मला चीक लागू नये हे मला माहीत होतं. कुत्र्याच्या तोंडाचा विचार माझ्या मनात आला नाही. पुढे किती वर्षं मी स्वतःला विचारत राहिले, की खरंच आला नव्हता, की आला होता आणि हाक आली म्हणून मी उठून गेले? मला आजही ठरवता येत नाही.

जेवणं होत होती तेव्हा खालून माशीमांचा आवाज आला. कुत्रा उलट्या करत होता. त्यांना वाटलं, सकाळचं माशाचं डोकं बाधलं असेल. दोन वाजेपर्यंत त्याला उभं राहता येईना. तोंडातून सारखी लाळ गळत होती. माशीमांच्या ओळखीचे एक गुरांचे डॉक्टर हातरिक्षातून आले. कृश, चष्मा लावलेले, मोजकं बोलणारे. त्यांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ ती हलवलीच नाही.

"पाच-सहा ठोके पडतात, मग थांबतं," ते म्हणाले. "काय खाल्लं यानं?"

माशीमांनी माशाचं सांगितलं. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. त्यांनी कुत्र्याचा जबडा उघडला, दातांच्या फटीतून सालीचा एक हिरवा धागा काढला आणि तो हातरुमालावर ठेवून उजेडात धरला. मग उठून बागेत गेले. आम्ही सगळे त्यांच्या मागे. कोपऱ्यातल्या ढिगापाशी ते थांबले.

"करबी," ते म्हणाले. "ही इथे कुणी तोडून टाकली?"

करबी म्हणजे कण्हेर हे आईला तोवर कळत होतं. ती पुढे झाली. तिचं बंगाली तोडकंमोडकं होतं, पण त्या दिवशी ती अडखळली नाही. "झाडं माझी आहेत. मी कापली. चूक माझी आहे."

डॉक्टर जरा बुचकळ्यात पडलेले दिसले. "पण एवढा मोठा कुत्रा आपणहून हे खात नाही. फार कडू असतं. पिल्लू असतं तर वेगळी गोष्ट." त्यांनी ढिगाकडे पुन्हा पाहिलं. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होते. चघळलेली काठी जास्वंदीखाली पडली होती, तिथून चार पावलांवर. ती कुणाला दिसली नाही. तेवढ्यात मी बोलले असते तर? पण मी बोलले नाही.

डॉक्टरांनी कोळशाची पूड पाण्यात कालवून पाजायचा प्रयत्न केला. बहुतेक सगळी बाहेर आली. माशीमा फरशीवर बसून होत्या, त्याचं डोकं त्यांच्या मांडीवर. आई त्यांच्यासमोर बसली होती, हात जोडल्यासारखे धरून. संध्याकाळचे शंख गल्लीत वाजू लागायच्या आधी तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी ती काठी उचलली आणि रस्त्यावरच्या कचऱ्याच्या ढिगावर टाकून आले. मग आईनं माळीबाबांना पाचही झाडं मुळापासून उपटायला लावली. म्हातारे हळहळत होते. "मा, मत निकालिए. किसका दोष? जानवर का कपाल." आईनं स्वतः पहार हातात घेतली. उपटलेली झाडं माळीबाबा जाळायला निघाले तेव्हा ती ओरडली, "जाळू नका! त्याचा धूरही वाईट." शेवटी मुनिसिपालटीच्या गाडीवर ती घातली. मग आईनं बागेतल्या एकेका झाडापुढे उभं राहून विचारायला सुरुवात केली. हे विषारी आहे? आणि हे? माळीबाबा सांगत गेले. क्रोटनचा चीक वाईट, कोलकेच्या बिया तर प्राण घेतील, तो धोतरा आपणच उगवलाय, ते एरंडाचं रोप, ती घाणेरी. शेवटी ते म्हणाले, "ऐसा हिसाब करेंगे, मा, तो बगीचे में सिर्फ घास रहेगा."

माशीमांनी आपलं कोलके तोडलं नाही. त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून ते तिथे होतं. त्यांनी आईला एका शब्दानं दोष दिला नाही. पण दुपारी दोघी मागच्या पायरीवर भाजी निवडत बसायच्या ते बंद झालं. आई त्यांच्या दाराशी थांबेना, माशीमा वर येईनात. आईनं बागेत पाऊल टाकणंच सोडलं. सोमवारी शंकरापुढे नुसता बेल. मांजर जरा शिंकलं तरी ती दचकायची आणि त्याचं तोंड उघडून बघायची. बाबांनी एकदा समजावलं, "अगं, मुद्दाम का केलंस तू?" ती म्हणाली, "मला माहीत होतं ना ते विष आहे म्हणून. माहीत नसतं तर गोष्ट वेगळी." मी ताटावर मान खाली घालून जेवत राहिले.

त्या शनिवारी मी खाली गेले तेव्हा माशीमांनी नेहमीसारखं पत्र सांगितलं. थंडी पडू लागली, नळाला पाणी कमी येतं. शेवटी त्या थांबल्या. मी वाट पाहत होते.

"लिही," त्या म्हणाल्या. "कुत्रा मजेत आहे. थोडा लठ्ठ झालाय."

मी वर पाहिलं.

"लिही, खुकी. परीक्षा आहे त्याची. आणि इथे त्याचं दुसरं आहे तरी कोण? मी एक म्हातारी."

मी लिहिलं. त्यानंतर दर शनिवारी लिहिलं. तो तुझ्या पलंगाखाली झोपतो. परवा एका फेरीवाल्याच्या मागे लागला. माशीमा सांगता सांगता रमायच्या, कधी हसायच्यासुद्धा. माझं सुरेख अक्षर मला नकोसं झालं. थंडी गेली, आंब्याला मोहोर आला, आणि मी ज्याला मारलं होतं तो माझ्याच हातानं दर आठवड्याला एका निळ्या कागदावर जिवंत होत होता.

चैत्राच्या सुमाराला मुलाचं पत्र आलं. तो पास झाला होता. पण परतायचं त्यात नव्हतं. तिथल्याच एका इस्पितळात दोन वर्षं काम मिळेल असं होतं. खाली त्यानं लिहिलं होतं, "आई, माझी एक मागणी आहे. त्याचा पुढचा पाय शाईत बुडवून पुढच्या पत्रावर ठसा पाठव. मी तो खोलीत लावीन."

मी वाचून थांबले. माशीमा बराच वेळ खाटेच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझं मांजर वर आहे?"

मला आधी कळलंच नाही.

"त्याला घेऊन ये. पाय लहान पडेल. पण शाई जरा पसरली तर... इतक्या लांबून त्याला काय कळणार आहे?"

मी वर जाऊन मांजर घेऊन आले. माशीमांनी बशीत शाई ओतली. त्यांना नीट दिसत नव्हतं, थोडी बाहेर सांडली. मी मांजराचा पंजा धरला आणि तो बशीपर्यंत नेला. माझ्यानं तो पुढे नेववेना. मांजर बोचकारून पळालं आणि मी रडू लागले. रडता रडता सगळं सांगितलं. ढीग, काठी, पुन्हा पुन्हा फेकणं, त्याचं साल चघळणं. हात धुतल्याचंही सांगितलं. काठी नेऊन टाकल्याचंही.

माशीमा हलल्या नाहीत. त्यांनी मला जवळ घेतलं नाही आणि रागावल्याही नाहीत. त्यांनी विचारलं, "आईला सांगितलंस?"

"नाही."

"पाच-सहा महिने झाले."

"हो."

"मग इथे काय रडतेस? माझा तर कुत्रा गेला, तो गेला. ती बाई रोज या जिन्यावरून उतरते आणि माझ्या दाराकडे न बघता जाते. जा. आधी तिला सांग."

आई गच्चीवर वाळवण उलटत होती. मी उभ्या उभ्या सांगितलं, एका दमात. तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि म्हणाली, "डॉक्टर म्हणाले होते, एवढा कुत्रा आपणहून खात नाही. तेव्हापासून मी विचार करतेय, मग कसा खाल्ला. मला वाटायचं, माझ्याच हाताला चीक होता आणि मी त्याला गोंजारलं. त्याला गोंजारलं होतं का, हेसुद्धा आठवेना."

"तू मला का विचारलं नाहीस?"

"तुला विचारायचं सुचलंच नाही," ती म्हणाली. मग हळूच, "कदाचित विचारायचं नव्हतं."

ती उठली. तोंड धुतलं, पदर सारखा केला आणि माझा हात धरून खाली माशीमांकडे गेली. त्या दोघी काय बोलल्या ते फार नव्हतं. आई म्हणाली, "झाड माझं होतं, काठी हिनं उचलली. दोन्ही आमचंच." माशीमा म्हणाल्या, "बसा, बौमा." बौमा म्हणजे सूनबाई. आई बसली. मग माशीमांनी मला निळा कागद घ्यायला सांगितला. ते पत्र मी आयुष्यात लिहिलेलं सगळ्यांत अवघड पत्र. माशीमांनी काहीच गाळलं नाही. इतके महिने खोटं लिहवून घेतलं तेही सांगितलं. माझ्याबद्दल एवढंच सांगितलं, "वरच्या मजल्यावरची खुकी त्याच्याशी खेळत होती. तिला कळलं नाही. ती हे स्वतः लिहिते आहे."

दीड महिना उत्तर आलं नाही. मग चार ओळींचं आलं. कुठे पुरलं, एवढंच त्यानं विचारलं होतं. मी लिहून कळवलं, जास्वंदीच्या मागे, भिंतीलगत.

पुढच्या पौषात तो तीन आठवड्यांच्या रजेवर आला. उंच होता, आवाज माशीमांसारखा मऊ. पहिले दोन दिवस मी खाली गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी तो मागच्या पायरीवर चहा पीत बसला होता, त्यानं मला जिन्यात पाहिलं आणि बोलावलं.

"तूच खुकी ना? अक्षर फार छान आहे तुझं."

मी एक पायरी खाली उतरले.

"मला एक सांग. किती वेळा फेकलीस काठी?"

"आठ-दहा वेळा."

"आणि दर वेळी त्यानं आणून दिली? तुझ्या पायाशी?"

"हो."

तो कपाकडे बघत राहिला. "मी दोन वर्षं शिकवलं त्याला. एकदासुद्धा आणून दिलं नाही. चेंडू घ्यायचा आणि शेजारच्या अंगणात जाऊन बसायचा." त्याला हसू आलं आणि लगेच विरलं. मी धीर करून विचारलं, की मी त्या दुपारी लगेच सांगितलं असतं तर तो वाचला असता का?

त्यानं कप खाली ठेवला. "ते विष थेट हृदयाला लागतं," तो म्हणाला. "उलट्या सुरू झाल्यावर बहुधा उशीरच झाला होता. बहुधा. नक्की सांगता येत नाही मला."

मोठ्या माणसांनी मला तोवर खूप समजावलं होतं, बाबांनी तर फारच. पण त्याचं ते "नक्की सांगता येत नाही" मला पटलं, कारण तेच खरं होतं. तो मला घेऊन जास्वंदीमागे गेला. आम्ही तिथे थोडा वेळ उभे राहिलो. त्यानं ओंजळभर सुकी पानं बाजूला केली आणि मग पुन्हा तशीच पसरली.

तो परत गेला तेव्हा माशीमा टॅक्सीपर्यंत आल्या नाहीत, दारातच थांबल्या. आई त्यांच्याजवळ होती. टॅक्सी वळल्यावर त्या आत जाऊन खाटेवर बसल्या. चूल पेटवायचं त्यांच्या मनात दिसेना. आईनं पदर खोचला, त्यांच्या स्वयंपाकघरात गेली आणि तांदूळ कुठे ठेवता म्हणून विचारलं. माशीमांनी आतून सांगितलं, "खिडकीखालच्या डब्यात." आई तांदूळ धुऊ लागली. माशीमा थोड्या वेळानं भिंतीला धरत धरत उठल्या आणि तिच्याजवळ पाटावर येऊन बसल्या.